किकुसाठी साकुरा

एप्रिल ३
पाणी: गार, गोड. झऱ्याच्या काठाला अजून बर्फाचा पापुद्रा.

आज किकु पुन्हा आली. मी पळी बादलीच्या काठावर आपटून पाणी झटकलं, टक टक, आणि धुक्यातून ती चालत आली. दोन्ही डोळे गेलेत तिचे, दुधासारखे पांढरे झालेत. एवढं मोठं धूड, पण पाय असे टाकते की गवताला लागू नये. वाटेत ओहळ आहे, आडवा पडलेला ओंडका आहे, कुंपणाची तुटकी तार आहे. एकालाही धक्का नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि श्वास सोडला. माझा चष्मा पांढरा झाला.

मी घोड्यांना घाबरते. कानाझावाहून लग्न होऊन या डोंगरी गावात आले तेव्हापासून घाबरते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, कारण घोडा मोठा असतो. तरी आज जागची हलले नाही. छातीत असं काहीतरी झालं की देवळात घंटा वाजवल्यावर ती थांबेपर्यंत आपण जसे उभे राहतो तशी उभी राहिले. बादली भरायची होती म्हणून.

चहा म्हणजे पाणी, बाकी सगळं सोंग. या झऱ्याच्या पाण्याशिवाय माझ्या हातचा चहा म्हणजे हिरवा चिखल. म्हणून रोज पहाटे गेन्झोभाऊंच्या कुरणात चढून जावं लागतं. घोडीचा त्यात काही संबंध नाही.

एप्रिल ७
पाणी: चव पाहिली नाही.

गेन्झोभाऊ झऱ्यापाशी माझी वाट बघत बसले होते. हा माणूस जन्मभर घोड्यांना जुंपून डोंगरातून ओंडके ओढत आला आणि तितकीच वर्षं थापा मारत आला. पण आज थाप नव्हती.

"बाई, मी सेन्दाईला चाललो लेकीकडे. गुडघे गेले."

"आणि घोडे?"

"धाकटे दोन रपेट शिकवणाऱ्यांकडे जातील. चांगली जागा आहे."

"आणि किकु?"

ते बुटांकडे बघत बसले. "आंधळी म्हातारी कोण घेणार? मुराईशेटशी बोललोय. मेच्या पहिल्या आठवड्यातल्या सुट्ट्या संपल्या की ट्रक येईल."

मुराईशेटचं दुकान स्टेशनसमोर आहे. दारावर गुलाबी फुलाची पाटी आहे, म्हणून नवी नवरी असताना मी ते मिठाईचं दुकान समजत होते. खाटकाचं आहे असं कळल्यावर पुन्हा त्या बाजूला वळून पाहिलं नाही. मांसाचा विषय निघाला की मी उठून जाते, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

मी म्हटलं, "तुमची घोडी आहे, तुमचं तुम्ही बघा." आणि उतरून आले. घरी पोहोचल्यावर कळलं, बादली अर्धीच भरलेली होती.

एप्रिल ९
रात्रभर विचार केला. घोडी गेली की कुरण ओस पडेल, कुंपण पडेल, झरा जाईल, पाणी जाईल. माझं पाणी. म्हणजे घोडी राहणं भाग आहे. साधा हिशेब आहे.

जेवताना सुनेला सांगितलं. कानाए गाईगुरांच्या घरात वाढलेली, त्यामुळे हात धसमुसळे आणि चहाचं शिक्षण शून्य, पण जनावरातलं कळतं. म्हणाली, "आई, किकुचं खाणंपिणं, खूर, सगळं मी बघीन. चारा तेवढा विकत घ्यावा लागेल. आणि हिवाळ्यात डॉक्टर."

"तेवढं करायला मी काय म्हातारी झालेय? कुरणात चहापान ठेवू. साकुराच्या फुलोऱ्यात. लोक येतील, चहा घेतील, चाऱ्याला पैसे देतील."

"लोक येतील?" तिनं जरा विचित्रच विचारलं.

का नाही येणार? एके काळी माझ्या चहा शिकवायच्या दालनात बसायला जागा नसायची. आता तिघीच येतात शिकायला, पण तो दोष गुडघ्यांचा आहे. हल्लीच्या लोकांना पाय दुमडून बसवत नाही, त्याला मी काय करू?

एप्रिल १४
आमंत्रणाचा फलक स्वतः कुंचल्यानं लिहिला. आधी खारवलेली साकुराची कळी गरम पाण्यात घालून द्यायची, लग्नाकार्यात देतात तशी, मग साकुराच्या पानातली गोड वडी, मग चहा. म्हणून वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "किकुसाठी साकुरा". खाली, "३ मे, गेन्झोंच्या कुरणात. सर्वांनी आस्वाद घ्यावा, सढळ हाताने द्यावे." अक्षर असं उतरलं की बऱ्याच वर्षांत उतरलं नव्हतं.

कानाएनं वाचलं आणि तिचा चेहराच बदलला. "आई, तो साकुरा शब्द... इथे म्हणजे खाण्याच्या बाबतीत..."

"शब्दाला काय झालंय? आणि बोलताना पाठ सरळ ठेव. पोक काढून उभी राहतेस, धोब्याच्या गाढवासारखी."

ती बाहेर गेली. डोळे ओले दिसले. अक्षर पाहून भरून आलं असावं.

एप्रिल १९
पाणी: उत्तम.

बाई बाई बाई! टेलिफोन खाली ठेवायला फुरसत नाही. गावातल्या ज्या लोकांनी आजवर माझ्या दारावरचा पडदा कधी बाजूला केला नाही, तेसुद्धा चौकशी करतायत. सुतारवाडीचे म्हातारे आजोबा विचारत होते, "बाई, डबा आणू का?"

"कशाला डबा?"

"घरी न्यायला थोडं."

गोड वडी नातवंडांना न्यायची असेल बिचाऱ्यांना. म्हटलं, आणा. मग विचारतात, "गेन्झोची किकु म्हणजे वय झालेलं. चिवट असेल नाही?"

"चिवट आहेच," मी म्हटलं, "पण आतून मऊ आहे हो."

"वा, वा," म्हणाले आजोबा. किती आपुलकी असते साध्या माणसांना जनावरांची!

संध्याकाळी बाजारात मुराईशेट आडवे आले. गोलमटोल, हसरा माणूस, पण आज घाम फुटलेला. "बाई, माझ्या पोटावर पाय देताय."

"देतेय," मी स्पष्टच सांगितलं.

"पण भाव काय लावलाय?"

"ज्याला जे द्यावंसं वाटेल ते."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सत्य ऐकलं की असंच होतं. मी त्यांनाही यायचं आमंत्रण दिलं. शत्रूलाही चहा विचारावा, अशी आमची रीत आहे.

एप्रिल २४


पाणी भरून झालं तरी किकु गेली नाही. मग वळली आणि वरच्या उताराकडे चालू लागली. मी उगीच मागे गेले, बादली खाली ठेवून. उतार मोकळा आहे, नुसतं गुडघाभर गवत. आणि तरी ती सरळ जाईना. पाच-सहा पावलं सरळ, मग डावीकडे वळसा. मग सरळ, मग उजवीकडे वळसा, मोठा, एखाद्या खांबाला चुकवावं तसा. मला वाटलं, म्हातारपणी भ्रम झाला हिला. समोर काही नाही आणि ही कशाला चुकवतेय?

म्हणून जिथं तिनं वळसा घेतला तिथं मी गवत बाजूला केलं. खाली बुंधा होता. कापून काळा पडलेला, माझ्या मिठीत मावणार नाही एवढा रुंद. पुढच्या वळशाला पाहिलं, तिथंही बुंधा. त्याच्या पुढेही. तिथं कधीकाळी देवदाराचं रान होतं आणि त्यातून ही ओंडके ओढत होती. रान केव्हाच तोडलं. माणसं विसरली, आणि मी त्या काळी या उतारावर कधी आलेच नव्हते, मला ते माहीतच नव्हतं. पण तिच्यासाठी झाडं अजून उभी आहेत, आणि ती एकालाही न लागता त्या रानातून चालली होती.

मी गवतात बसकण मारली. असं वाटलं की मीच आंधळी आहे आणि ही बघतेय. उताराच्या वर घोडमुखी देवीचा दगड आहे, मेलेल्या घोड्यांच्या नावानं लोक तिथं फुलं वाहतात. किकु त्या दगडापाशी जाऊन थांबली, मान खाली घातली. गवत खात होती का, ते मला नाही सांगता येणार.

मी हात जोडले. कुणाला, ते विचारू नये.

गेन्झोभाऊंना खाली आल्यावर विचारलं, ते रान कधीचं? ते म्हणाले, "ते रान तिनं आणि मी मिळून संपवलं बाई." आणि याही वेळी पुढे एकही थाप मारली नाही.

मे २
उद्या चहापान. हवा स्वच्छ. फुलं पूर्ण उमलली आहेत, एक पाकळी अजून पडलेली नाही. लाल चादर कुठे घालायची ते ठरवलं, झऱ्यालगत, म्हणजे पाणी हाताशी. यजमानाची जागा माझी, रोज मी बादली ठेवते तिथे. शेजारी मुख्य पाहुण्याची, मग बाकीचे ओळीनं.

काळजी एकच. मुख्य पाहुण्याच्या जागी कोण बसणार? त्या जागेवरच्या माणसानं यजमानाशी रीतीनं बोलायचं असतं, भांड्याची चौकशी करायची, पाण्याची स्तुती करायची, आणि बाकीच्यांनी त्याच्या मागोमाग घ्यायचं. तो बसल्याशिवाय चहा सुरूच होत नाही. माझ्याकडे नेहमी या जागेवरून भांडणं होतात. "तुम्ही बसा", "छे, तुम्ही बसा". इतके विनयी लोक दुसरीकडे सापडायचे नाहीत.

ट्रक सात तारखेला येणार असं गेन्झोभाऊ म्हणाले. आणि वर म्हणाले, "शेटला शब्द दिलाय मी. चाऱ्याची सोय दिसली तरच फिरवता येईल." म्हणजे उद्या काय ते.

मे ३, संध्याकाळ
क्रमानं लिहिते, नाहीतर जमणार नाही.

सकाळी लोक आले. येतच राहिले. कुरणाच्या वाटेवर रांग लागली. माझा ऊर भरून आला. प्रत्येकाच्या हातात डबा होता. कुणी मोठा आणला होता, कुणी झाकणाचा, सुतारवाडीच्या आजोबांनी तर बर्फ घातलेली पेटी आणली होती. मनात म्हटलं, एका वडीसाठी बर्फ?

साकुराच्या कळीचं गरम पाणी दिलं. लोकांनी ते प्यायलं आणि एकमेकांकडे बघितलं. वड्या दिल्या. लोकांनी खाल्ल्या आणि पुन्हा एकमेकांकडे बघितलं.

मग चादरीवर बसायची वेळ झाली, आणि नेहमीचं सुरू झालं. "शेट, तुम्ही बसा." "छे छे, मला काय येतंय? तुम्ही वडील." "माझे गुडघे." "माझी कंबर." माझ्या तिन्ही विद्यार्थिनी तर एकदम शेवटच्या टोकाला जाऊन बसल्या. ढकलाढकलीत मुराईशेट दुसऱ्या जागेवर येऊन आदळले आणि पहिली तशीच रिकामी. मी वाट पाहिली. लाल चादरीवर ती रिकामी जागा एवढी मोठी दिसत होती!

तेवढ्यात मागून आजोबांचा आवाज आला. ऐकू कमी येतं त्यांना, म्हणून मोठ्यानं बोलतात. "अहो, ते गरम पाणी झालं, गोड झालं. साकुरा कधी वाटणार? कापून झाला का?"

"काय कापून झालं?" मी विचारलं.

 सगळे माना खाली घालून बसले. शेवटी कानाए माझ्या कानाशी वाकली. "आई, इथे घोड्याच्या मांसाला साकुरा म्हणतात. रंगावरून. मुराईशेटच्या पाटीवर तेच फूल आहे. लोकांना वाटलं, किकुला कापून वाटणार आहात."

हात दाखवून अवलक्षण! एवढ्या वळणदार अक्षरांत, साऱ्या गावात लावून! धरणी दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते. "चाळीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं का नाही?" मी विचारलं. 

काय करावं सुचेना. डोकं बंद पडलं की हात आपलं ठरलेलं करतात. मी पळी उचलली, पाणी घेतलं आणि मडक्याच्या काठावर झटकलं.

टक, टक.

साकुराच्या झाडांमागून ती आली.

लोक बाजूला झाले. कुणी सांगितलं नाही, आपोआप झाले. एवढ्या माणसांचा वास, एवढी भांडी, पेट्या, चपला, आणि ती सगळ्यांमधून तशीच चालत आली, रोजच्यासारखी, कशालाही न लागता. पाठीवर पाकळ्या पडल्या होत्या. ज्याच्या ज्याच्या जवळून ती गेली त्यानं डबा पाठीमागे लपवला.  ती माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली, जिथं रोज थांबते तिथं. आणि ती जागा म्हणजे मुख्य पाहुण्याची.

माझ्या अंगावर जो काटा आला तो अजून गेलेला नाही. ती भीती नव्हती. काय होतं ते लिहायला मला शब्द नाही. ज्यांनी तिला खायला म्हणून यायचं ठरवलं होतं त्यांच्या पंगतीत ती पहिल्या जागी जाऊन उभी राहिली, आणि तिच्याएवढं ताठ त्या चादरीवर दुसरं कुणी नव्हतं.

मी कपाळ टेकवून नमस्कार केला. घोड्याला चहा देता येत नाही. मी पाण्याचं मडकं उचललं, माझ्या सासूबाईंचं, निळ्या वेलीचं, ज्याला मी कुणाला हात लावू देत नाही, आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. तिनं तोंड घातलं. घोट जाताना तिच्या गळ्यातून आवाज येत होता, आणि सारं कुरण तो ऐकत होतं. मडकं कोरडं झालं. मग ती माझ्या बाहीत श्वास सोडून उभी राहिली.

आता दुसऱ्याची पाळी. कानाएनं झऱ्याचं ताजं पाणी आणलं, मी चहा घुसळला आणि वाडगं मुराईशेटपुढे ठेवलं. आमची रीत अशी की दुसऱ्या पाहुण्यानं पिण्याआधी पहिल्याकडे वळून वाकायचं आणि म्हणायचं, "आपल्या सोबतीनं घेतो." हे न म्हणता वाडग्याला हात लावता येत नाही. शेटनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. खरंच बोलले नाही.

ते किकुकडे वळले. तिचा पांढरा डोळा त्यांच्या डोक्यावर होता. हा एवढा मोठा माणूस चादरीला कपाळ लावून वाकला आणि म्हणाला, "आपल्या सोबतीनं घेतो."  प्यायला, वाडगं ठेवलं आणि रुमालानं तोंड झाकून बसला.

मग ओळीनं सगळ्यांनी घेतला. किती फेऱ्या झाल्या मला ठाऊक नाही. किकु शेवटपर्यंत हलली नाही.

मे ४
पाणी: गोड.

काल डबे रिकामे परत गेले नाहीत, कुरणातच राहिले. पहिला आजोबांनी ठेवला, ती बर्फाची पेटीच, बर्फ ओतून देऊन आत पैसे टाकले आणि कुणाकडे न बघता उतरून गेले. मग बाकीच्यांनी ठेवले. कानाए म्हणते, हिवाळा आरामात निघेल.

मुराईशेट सकाळीच आले होते. "बाई, ट्रक येणार नाही."

"का बरं? शब्द झाला होता ना?"

"टोमणे मारू नका. पंगतीला शेजारी बसलो, तिच्या मागोमाग प्यायलो. आता तिच्यावर सुरी कशी धरू?" मग म्हणाले, "तुमचा चहा कडू होता."

"तो तसाच असतो," मी म्हटलं.

मे ६
पाठ दुखते. कानाए तेल चोळत असताना मी सहज म्हटलं, लोक किती विनयी ना, शेवटपर्यंत कुणी मुख्य जागेवर बसलं नाही.

ती हसायला लागली. "आई, विनय कसला? घाबरतात तुम्हाला. त्या जागेवर बसलेल्याला तुम्ही चहा संपेपर्यंत सोलून काढता."

"मी? मी कुणाला काय बोलते? पाठ सरळ ठेव, एवढंच तर म्हणते."

"शब्दाचा घोटाळा मी सांगायला आले होते, तेव्हा काय म्हणालात?"

आठवून पाहिलं. काही वावगं बोलल्याचं आठवत नाही. तरी तेल चोळून झाल्यावर तिला म्हटलं, तुझा हात चांगला आहे. तिनं बाटलीच सांडली. धसमुसळी ती धसमुसळीच.

मे १२
पाणी: नळाचं.

पहाटे दाट धुकं होतं. वर गेले. झऱ्यापाशी पोहोचल्यावर बघते तर हातात बादली नाही, पळी नाही. घरीच राहिली. आता टकटक करायची कशानं? नुसती उभी राहिले.

ती आली. काहीही न वाजवता आली. नेहमीसारखी हातभर अंतरावर थांबली. आज मी ते हातभर अंतर चालले आणि तिच्या मानेवर तळवा ठेवला. मान उबदार होती. आत काहीतरी मोठं, सावकाश चाललेलं होतं, आणि माझा हात लागल्यानं त्यात काही फरक पडला नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. उतरले तेव्हा धुकं नव्हतं.

दुपारी तिघी शिकायला आल्या. नळाच्याच पाण्याचा चहा केला. "नेहमीसारखाच झालाय बाई," असं म्हणाल्या. खोटारड्या. एकीची पाठ वाकलेली होती. मी काही बोलले नाही, तर ती आपणहून सरळ बसली.

उद्या आठवणीनं बादली न्यायला हवी. नाहीतर लोक म्हणतील, ही बाई रोज वर जाते तरी कशाला.